विज्ञान महोत्सव आणि मीडिया कव्हरेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महोत्सव जवळ आला की मीडिया डेस्ककडे तेच तेच प्रश्न यायला लागतात, आयोजकांचे, स्टॉल लावणाऱ्या संशोधकांचे, नव्या बातमीदारांचे, कधी पालकांचे पण. ते सगळे इथे एकत्र केलेत. आधी सोपे आहेत, पुढे पुढे अडचणीचे. एकाच गोष्टीवर दोनदा लिहिण्यापेक्षा त्या त्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. विज्ञान महोत्सव आणि विज्ञान प्रदर्शन यात फरक काय?

प्रदर्शनात वस्तू मांडलेल्या असतात, बहुतेक वेळा स्पर्धा असते, परीक्षक असतात. महोत्सवात माणसं भेटतात. एरवी प्रयोगशाळेत काम करणारी संशोधक स्वतः स्टॉलवर उभी असते आणि कोणीही जाऊन तिला काहीही विचारू शकतं. भाषणं, प्रयोग, आकाशदर्शन, कार्यशाळा, एक दिवस उघड्या ठेवलेल्या प्रयोगशाळा, हे सगळं त्यात येतं. परंपरा जुनी आहे. ब्रिटिश असोसिएशन ही विज्ञानाच्या प्रसारासाठीची संस्था १८३१ मध्ये यॉर्कला स्थापन झाली आणि दरवर्षी वेगवेगळ्या शहरात सभा भरवायला लागली, आजचा ब्रिटिश सायन्स फेस्टिव्हल त्यातूनच आलाय. शहरभर उत्सव असं रूप एडिंबराने १९८९ पासून रूढ केलं. युरोपातली 'रिसर्चर्स नाइट' २००५ पासून, न्यूयॉर्कचा वर्ल्ड सायन्स फेस्टिव्हल २००८ पासून आणि भारतातला इंडिया इंटरनॅशनल सायन्स फेस्टिव्हल २०१५ पासून सुरू आहे. न्यूयॉर्कचा महोत्सव सुरू करणाऱ्या दोघांपैकी ब्रायन ग्रीन भौतिकशास्त्रज्ञ आणि ट्रेसी डे टीव्ही पत्रकार. म्हणजे पत्रकार तिथे पहिल्या दिवसापासून आत होती, बाहेरून बोलावलेली नव्हती, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

२. मीडिया कव्हरेज हवंच कशाला? लोक तसेही येतातच की.

जे येतात ते आधीपासून विज्ञानात रस असलेले, किंवा शाळेने आणलेले. ज्यांना वाटतं की हे आपल्यासाठी नाही, त्यांच्यापर्यंत पोचायचं तर पेपर, रेडिओ, टीव्ही आणि मोबाइलवरच्या बातम्या लागतात. आणि येणारे कितीही असले तरी बातमी वाचणारे त्याहून जास्तच असतात, त्यांच्यासाठी ती बातमी हाच महोत्सव. म्हणून त्या बातमीत विज्ञान आहे का हे बघणं आपलंच काम आहे.

३. प्रेस नोट कधी पाठवायची?

तीन वेळा, आणि तिन्ही वेळा मजकूर वेगळा. मासिकं आणि पुरवण्या यांचं काम खूप आधी चालतं, त्यांना महिना-दीड महिना आधी. दैनिकं, रेडिओ, न्यूज पोर्टल यांना साधारण आठवडाभर आधी, त्यात तारीख, वेळ, जागा, तिकीट आहे की नाही, नोंदणी लागते का, व्हीलचेअर जाते का, हे सगळं पहिल्या काही ओळीत. मग महोत्सव चालू असताना रोज दुपारी एक छोटी नोट, दोन-तीन फोटो आणि फोटोओळी. रात्री पान लागायच्या वेळी पाठवलेली नोट कितीही छान असली तरी तिला जागा उरलेली नसते.

४. चांगल्या प्रेस नोटमध्ये काय असावं?

एक गोष्ट. खरंच एकच. चाळीस कार्यक्रमांची यादी जोडपत्रात द्या, नोटमध्ये एक प्रयोग किंवा एक संशोधक निवडा आणि त्याबद्दल नीट लिहा. 'भव्य महोत्सवाचे आयोजन' हा मथळा कुठल्याही महोत्सवाला लागू पडतो म्हणून त्यात बातमी नाही. 'जमिनीखाली वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकायला या' यात बातमी आहे, कारण हे वाचल्यावर माणूस विचारतो की पाण्याचा आवाज येतो कसा. त्यानंतर कोण करतंय, कधी, कुठे. माणसाचं एक वाक्य टाका, पण ते त्या माणसाने खरंच बोललेलं असू दे, 'विज्ञानाचा प्रसार ही काळाची गरज आहे' असलं वाक्य कोणीच बोलत नाही, ते फक्त प्रेस नोटमध्ये असतं. शेवटी अशा व्यक्तीचा नंबर जी फोन उचलते. अध्यक्षांचा नंबर देऊन उपयोग नाही, ते त्या दिवशी व्यासपीठावर असतात.

५. इतकं करूनही बातमीत उद्घाटन, पाहुणे आणि ग्रुप फोटोच येतो. असं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर लोकांना आवडत नाही, कारण यात बहुतेक वेळा चूक बातमीदाराची नसते, आपली असते. आपण त्याला उद्घाटनाच्या वेळी बोलावतो. तेव्हा निम्मे स्टॉल लागलेले नसतात, संशोधक वायरी जोडत असतात, स्वयंसेवक खुर्च्या मांडत असतात, आणि जे एकमेव ठरल्या वेळी होतं ते म्हणजे फीत कापणं. बातमीदाराला त्याच दिवशी अजून दोन-तीन ठिकाणी जायचंय. त्याला तयार फोटो मिळाला, नावं मिळाली, भाषणातली दोन वाक्यं मिळाली, त्याची बातमी झाली, तो गेला. वर आपल्या नोटच्या पहिल्या परिच्छेदात आपणच सात नावं पदांसकट दिलेली असतात, मग बातमीत दुसरं येणार काय.

उपाय साधे आहेत पण ते आयोजकांच्या बैठकीत मांडायला धीर लागतो. मीडियाला उद्घाटनाची वेळ देऊच नका, जेव्हा गर्दी आहे आणि प्रयोग चालू आहेत ती वेळ द्या. किंवा आदल्या दिवशी फक्त मीडियासाठी एक फेरी ठेवा, दोन-तीनच प्रयोग, पण पूर्ण चालू अवस्थेत. प्रत्येक बातमीदारासोबत एक स्वयंसेवक द्या, ज्याला कुठल्या स्टॉलवर कोण चांगलं बोलतं हे माहीत आहे. आणि पाहुण्यांना वगळायची पण गरज नाही, त्यांच्या हातून प्रयोग करून घ्या. चुंबकावर तरंगणारी सुपरकंडक्टरची (खूप थंड केल्यावर विजेला अजिबात अडवत नाही अशा पदार्थाची) चकती पाहुण्याने चिमट्याने फिरवली तर फोटो पाहुण्याचाच येतो, पण फोटोओळीत सुपरकंडक्टर लिहावं लागतं. भाषण करणाऱ्या पाहुण्याच्या फोटोखाली लिहायला असं काही नसतं.

एक अजून. स्टॉलवरचं पोस्टर बातमीदाराला वाचता येईल असं करा. पाच फुटांवरून जे वाचता येत नाही ते फोटोत पण येत नाही.

६. आमचा महोत्सव छोटा आहे, कोणी बातमीदार येतच नाही. मग?

मग तुम्हीच कव्हर करा, आणि याला कमी समजू नका. कॉलेजची मुलं बातमीदार म्हणून तयार करा, प्रत्येकाला एकच काम द्या: एका संशोधकाला एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर एका मिनिटाच्या आत रेकॉर्ड करायचं. अशा क्लिप स्थानिक रेडिओ आणि पोर्टल आनंदाने घेतात कारण त्यांच्याकडे माणसं कमी असतात. कार्यक्रम हॉलमध्येच हवा असं पण नाही. 'पिंट ऑफ सायन्स' २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं, संशोधक संध्याकाळी पबमध्ये जाऊन आपलं काम सांगतात एवढीच कल्पना, आणि ती पुढे कितीतरी देशांत पसरली. जागा वेगळी होती हीच तिची बातमी झाली.

७. मी संशोधक आहे, कॅमेरा समोर आला की सुचत नाही. काय तयारी करू?

तीन गोष्टी. पहिली, तुमचं काम एका वाक्यात, आणि ते वाक्य तुमच्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला म्हणून दाखवलेलं असू दे. दुसरी, हातात एक वस्तू, कारण हात रिकामे असले की माणूस ताठ होतो आणि कॅमेऱ्याला पण दाखवायला काहीतरी मिळतं. तिसरी, एक आकडा, ज्याचा अंदाज लोकांना येईल असा सांगितलेला. 'द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशाचा असतो' हे बरोबर आहे पण 'एक लिटर द्रवाचा साधारण ७०० लिटर वायू होतो' हे ऐकल्यावर माणूस थांबतो.

सोपं करून सांगताना चुकीचं होईल ही भीती बऱ्याच जणांना असते. तपशील गाळणं आणि खोटं सांगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गाळा बिनधास्त, फक्त जे उरेल ते खरं असू दे. आणि जे माहीत नाही ते 'हे अजून कोणालाच माहीत नाही' किंवा 'हे मला माहीत नाही, पण त्या स्टॉलवरच्या मॅडमना विचारा' असं सरळ सांगा. प्रेक्षकांना ते आवडतं. ज्याला सगळं येतं अशा माणसावर ते कमी विश्वास ठेवतात, निदान मी तरी असंच बघत आलोय.

८. छापण्याआधी बातमी आम्हाला दाखवतील का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि आग्रह धरू नका, तो त्यांच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. पण 'माझ्या तोंडचं वाक्य आणि आकडे तेवढे फोनवर वाचून दाखवाल का' असं विचारायला हरकत नाही, विज्ञान कव्हर करणारे बरेच जण हो म्हणतात. तुमच्याकडून नाव, पद आणि आकडे लिहून द्या, निम्म्या चुका तिथेच टळतात. झालेली चूक कशी सुधारायची ते प्रश्न १३ मध्ये आहे.

९. फोटो-व्हिडिओसाठी काय नियम ठेवायचे? सुरक्षेचं काही असतं का?

असतं, आणि कॅमेरामन घाईत असतो म्हणून त्याला आधीच सांगावं लागतं. लेझरचा किरण डोळ्याला धोका देतोच, कॅमेऱ्याचा सेन्सर पण जळू शकतो, त्यामुळे किरणाच्या रेषेत लेन्स धरायची नाही. सूर्यदर्शनाच्या दुर्बिणीला पुढच्या बाजूला फिल्टर नसेल तर डोळा तर नाहीच, मोबाइल पण लावायचा नाही. सूर्य बघायचे चष्मे आयएसओ १२३१२-२ या मानकाचे असावेत, आणि ते चष्मे घालून दुर्बिणीतून बघायचं नाही, दुर्बीण गोळा करते तेवढ्या उजेडासाठी ते बनलेलेच नसतात. व्हॅन डी ग्राफ यंत्राच्या (स्थिर वीज साठवणाऱ्या) ठिणगीपाशी महागडा माइक नेऊ नका, आणि पेसमेकर असलेल्या माणसाला, मग तो बातमीदार का असेना, लांब उभं करा. बंद छोट्या खोलीत द्रव नायट्रोजनचा मोठा धूर 'शॉटसाठी परत एकदा' करायला सांगतात, तिथे स्पष्ट नाही म्हणा, नायट्रोजन हवेतला ऑक्सिजन बाजूला सारतो आणि त्याला वास नसतो, कळत नाही. तारांगणात आणि आकाशदर्शनात फ्लॅश बंद, अंधाराला सरावलेले डोळे परत तसे व्हायला वीस-तीस मिनिटं जातात आणि तोवर रांगेतल्या सगळ्यांचं नुकसान.

१०. मुलांचे फोटो छापायला परवानगी लागते का?

घ्याच. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत पण चांगली पद्धत एकच: नोंदणीच्या वेळी पालकांची लेखी संमती, आणि ज्यांनी नाही म्हटलंय त्या मुलांच्या मनगटावर वेगळ्या रंगाची पट्टी, म्हणजे फोटोग्राफरला लांबूनच कळतं. फोटोओळीत मुलाचं पूर्ण नाव आणि शाळा दोन्ही एकत्र देऊ नका. आणि मूल स्वतः नको म्हणालं तर पालकांची सही असली तरी नकोच.

११. अजून पेपर (शोधनिबंध) प्रसिद्ध न झालेल्या संशोधनावर महोत्सवात बोललं तर चालेल का?

इथे खरी गुंतागुंत आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचे संपादक फ्रान्झ इंगलफिंगर यांनी १९६९ मध्ये धोरण जाहीर केलं की जे आधीच दुसरीकडे प्रसिद्ध झालंय ते आम्ही छापणार नाही, आणि बऱ्याच जर्नलांनी तसंच काहीतरी स्वीकारलं. आज नियम सैल झालेत, परिषदेत बोलणं आणि प्रीप्रिंट (जर्नलमध्ये यायच्या आधीचा पेपरचा मसुदा) ऑनलाइन टाकणं बऱ्याच ठिकाणी चालतं, पण स्वतःहून मीडियाकडे जाऊन निकालाचा प्रचार करणं अनेक जर्नलांना चालत नाही. तुमच्या जर्नलचं धोरण वाचा, आणि हॉलमध्ये बातमीदार बसलेले असू शकतात हे गृहीत धरा. जाहीर कार्यक्रमात बोललेलं 'ऑफ द रेकॉर्ड' नसतं, नंतर तसं म्हणून उपयोग नाही.

पेपर स्वीकारला गेलाय आणि तारीख ठरलीय तर एम्बार्गो असतो, म्हणजे पत्रकारांना मजकूर आधी मिळतो पण ठरलेल्या वेळेआधी छापायचा नाही. १९९६ मध्ये सुरू झालेली युरेकअलर्ट ही सेवा याच पद्धतीवर चालते. अशा वेळी भाषणात फक्त प्रश्न आणि पद्धत सांगा, निकाल राखून ठेवा. मला विचाराल तर महोत्सवात तेच जास्त रंगतं, कारण निकाल कळलेला नसला की लोक स्वतः अंदाज करायला लागतात.

१२. थोडं वाढवून सांगितलं तर जास्त कव्हरेज मिळतं ना?

नाही, आणि हे तपासून बघितलेलं आहे. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये आला, त्यात ब्रिटनमधल्या २० आघाडीच्या विद्यापीठांच्या ४६२ प्रेस रिलीज बघितल्या होत्या. ४० टक्क्यांमध्ये आरोग्याचा सल्ला मूळ पेपरपेक्षा वाढवलेला होता, ३६ टक्क्यांमध्ये प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसांना लावला होता. म्हणजे अतिशयोक्ती खूपदा बातमीदाराच्या आधीच, संस्थेच्या कागदावर सुरू होते. आणि मुख्य म्हणजे वाढवून लिहिलेल्या रिलीजना जास्त बातम्या मिळाल्या असा ठोस पुरावा सापडला नाही. फुगवून काही मिळत नाही, फक्त खोटं पसरतं.

घाईची किंमत बघायची तर २३ मार्च १९८९ची युटा विद्यापीठातली पत्रकार परिषद आठवा, पॉन्स आणि फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी पेपर छापून यायच्या आधीच शीत संलयनाची (साध्या तापमानाला अणुकेंद्रं एकत्र जोडून ऊर्जा मिळवल्याची) घोषणा केली आणि नंतर बाकीच्या प्रयोगशाळांना ते जमेना. याच्या उलट २०११ मध्ये ऑपेरा या भौतिकशास्त्राच्या प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा साधारण ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्यासारखे दिसले, तेव्हा त्या गटाने जाहीर करतानाच म्हटलं की आम्हाला चूक सापडत नाहीये, तुम्ही तपासा. पुढे फायबर ऑप्टिक केबल नीट बसली नव्हती हे कळलं. मथळे तेव्हाही भडक आलेच, पण काय सांगितलं होतं याची नोंद शिल्लक होती. महोत्सवात हा किस्सा सांगण्यासारखा आहे, विज्ञान स्वतःला कसं तपासतं हे त्यातून दिसतं.

१३. बातमीत चूक आलीय. काय करायचं?

आधी ठरवा ती कुठली चूक आहे. नाव, आकडा, एकक, निष्कर्ष उलटा, ही खरी चूक. 'आमच्या स्टॉलला दोनच ओळी' किंवा 'सूर आवडला नाही' ही चूक नाही, ती सोडून द्या. खरी चूक असेल तर त्याच दिवशी बातमीदाराला थेट फोन, आणि लगेच लेखी: छापलेलं वाक्य, बरोबर वाक्य, पुरावा, एवढंच. ऑनलाइन मजकूर लगेच बदलू शकतो, छापील पेपरला दुरुस्ती दुसऱ्या दिवशी. मथळा बहुतेक वेळा बातमीदार लिहीत नाही, डेस्कवर दिला जातो, त्यामुळे त्याच्यावर चिडू नका. सोशल मीडियावर जाहीर झापलं तर ती चूक आणखी लोकांपर्यंत पोचते आणि पुढच्या वर्षी तो बातमीदार येत नाही.

१४. भाषणं रेकॉर्ड करून ठेवायची गरज आहे का?

हो, पूर्ण. ऑक्सफर्डला १८६० मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्याच सभेत डार्विनच्या बाजूचे जीवशास्त्रज्ञ हक्सली आणि विरोधातले बिशप विल्बरफोर्स यांची उत्क्रांतीवरची प्रसिद्ध खडाजंगी झाली, पण तिची शब्दशः नोंदच नाही, आज सांगितली जाणारी वाक्यं बरीचशी नंतरच्या आठवणींवरून जुळवलेली आहेत. आता उलटी अडचण आहे, वीस सेकंदांची क्लिप संदर्भ तोडून फिरते. तेव्हा पूर्ण रेकॉर्डिंगची लिंक त्याच दिवशी देता आली पाहिजे. बोलणाऱ्याची संमती मात्र आधी घ्या, आणि ज्यांनी प्रश्न ११ मधल्या कारणाने नको म्हटलंय त्यांचं करू नका.

१५. चॅनेलला 'दुसरी बाजू' हवीय, म्हणजे लस नको म्हणणारा किंवा पृथ्वी सपाट म्हणणारा पाहुणा. बसायचं का?

जिथे संशोधकांमध्ये खरा मतभेद आहे तिथे जरूर बसा, लोकांनी तो बघायलाच हवा. जिथे पुरावा एका बाजूला प्रचंड आहे तिथे दोन सारख्या खुर्च्या मांडल्या की बघणाऱ्याला वाटतं प्रकरण निम्मं-निम्मं आहे. नम्रपणे नाही म्हणा आणि पर्याय द्या: 'आमचे संशोधक प्रेक्षकांचे सगळे प्रश्न घेतील, अवघड असतील तेही.' शंका घेणाऱ्या सामान्य माणसाला मात्र महोत्सवात कधीही परत पाठवू नका, त्याच्यासाठीच तर हे सगळं आहे.

१६. एका पेपरला 'मीडिया पार्टनर' केलं तर बाकीचे येत नाहीत. खरं का?

बऱ्याचदा खरं. प्रतिस्पर्ध्याचा लोगो असलेल्या व्यासपीठाचा फोटो कोण छापेल? करार करायचा तर जाहिरातीपुरता करा, बातमीचा हक्क कोणा एकाला देऊ नका आणि फोटोच्या जागेमागे लोगो लावू नका. पैसे देऊन आलेला मजकूर जाहिरात म्हणूनच छापला गेला पाहिजे, हे करारात लिहा.

१७. गर्दीचा आकडा काय सांगायचा?

जो मोजलाय तो, आणि कसा मोजला तेही. दारावर क्लिकरने मोजलेल्या 'भेटी' आणि 'माणसं' वेगळी, तीन दिवस आलेला एक मुलगा म्हणजे तीन भेटी. मोजलं नसेल तर आकडा सांगू नका, 'हॉल भरला होता' एवढं पुरे. विज्ञानाच्या कार्यक्रमाने अंदाजपंचे आकडा द्यावा हे बरोबर नाही.

१८. स्टॉलवर अपघात झाला आणि कॅमेरे समोर आहेत. कोणी बोलायचं?

एकाच माणसाने, जो आधीच ठरलेला आहे. आधी जखमीची काळजी आणि घरच्यांना निरोप, त्याआधी मीडियाला नाव द्यायचं नाही. मग काय झालं, किती वाजता, आता काय चालू आहे, कुठला भाग बंद केलाय. कारण कळलेलं नसेल तर अंदाज करायचा नाही, पुढची माहिती किती वाजता देऊ ते सांगायचं आणि त्या वेळी खरंच द्यायची, नवीन काही नसलं तरी.

१९. कव्हरेज चांगलं झालं हे मोजायचं कसं? कात्रणांची जागा मोजून जाहिरातीच्या दराने गुणलं तर?

ती पद्धत जनसंपर्क क्षेत्रानेच २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये नाकारलीय, जाहिरातीचा दर म्हणजे बातमीचं मोल नव्हे. त्यापेक्षा प्रत्येक कात्रण वाचा आणि विचारा: यात एक तरी वैज्ञानिक कल्पना बरोबर समजावलीय का, एका तरी संशोधकाचं स्वतःचं वाक्य आहे का, वाचणाऱ्याला पुढे काय करता येईल ते कळतं का. आणि दारावर येणाऱ्यांना 'कुठून कळलं' हे विचारा. आणखी एक खूण मी आवर्जून बघतो, महोत्सव संपल्यावर किती बातमीदारांनी एखाद्या संशोधकाला वेगळ्या बातमीसाठी परत फोन केला. त्यासाठी शेवटच्या दिवशी प्रत्येक बातमीदाराला संशोधकांच्या विषयांची आणि, त्यांची परवानगी असेल तर, नंबरांची यादी द्या.